शाळा सोडण्याचे कारण

टोलेडोच्या फेडरल कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
मी बोलणाऱ्यांच्या तोंडाखाली बसते.
मिनिटाला दोनशे पंचवीस शब्द,
त्यात माझा एकही नाही.

आज ताविअस प्रुइट. वय एकवीस, उंची सहा फूट आठ.
साक्षीदाराच्या खुर्चीत गुडघे मावत नाहीत,
एकदा डावीकडे ठेवून बघतो, एकदा उजवीकडे.
तिसरं कॉलेज. म्हणजे दुसरी बदली.
आणि दुसऱ्या बदलीला नियम असा, की एक वर्ष बसायचं.
सराव कर, परीक्षा दे, घाम गाळ,
सामन्याच्या दिवशी बस.

संघटनेचा वकील विचारतो, पहिलं कॉलेज का सोडलंत?
"कोच गेले."
कुठे?
"जास्त पगार होता तिथे."
मग ते किती वर्षं बसले?
हे वकील विचारत नाही. हे मी विचारते,
आणि बोटं मशीनवरून वर उचलून धरते,
चुकून उमटायला नको.

दुसरं का सोडलंत?
"आईचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा.
न्यायला कोणी नव्हतं."
मागच्या बाकावर ती आई. अर्लीन.
शाळेची बस चालवायची, आता नाही चालवत.
पर्स मांडीवर दोन्ही हातांनी उभी धरलेली,
जशी काही तीच सुकाणू.

माझ्याकडे सहा दाखले आहेत, एका पिवळ्या फाइलीत.
वडील पाटबंधारे खात्यात.
मेहकर, जामखेड, साक्री, उमरगा, पुढचं नीट आठवत नाही.
प्रत्येकावर एक रकाना : शाळा सोडण्याचे कारण.
सहा हेडमास्तरांच्या सहा अक्षरांत एकच उत्तर,
वडिलांची बदली.
वर्तणूक : चांगली.
वकील नव्हता. ट्रक होता, आणि त्यात वर बांधलेली शिलाई मशीन.

साक्रीत मी खो-खोच्या संघात होते.
जिल्ह्याच्या सामन्यांना नऊ दिवस राहिले होते.
उमरग्याच्या बाई म्हणाल्या, आमचा संघ ठरलाय गं,
तू बस.

पण खो-खोतलं बसणं वेगळं असतं.
टाचा उचललेल्या, बोटं मातीत,
सगळी पाठ कान झालेली,
की मागून कोणीतरी येईल.

न्यायाधीश हॉलेनबेक खोकल्याची गोळी
या गालातून त्या गालात फिरवतात.
वाचून दाखवतात : चौदा दिवस. चौदा दिवस याला अडवू नये.
अर्लीन म्हणाली, "थँक यू, जीझस."
तेही घेतलं नोंदीत. नाव, कोलन, वाक्य.

गुरुवारी मी सामन्याला गेले. असं करायचं नसतं.
मॉमी नदी कडेकडेनं गोठलेली,
बुटांना रस्त्यावरचं मीठ,
तिकीट अकरा डॉलर, रोख.

आदेशाला एक शेपूट होतं, ते मीच टाइप केलेलं :
वरच्या कोर्टानं उद्या हा निकाल फिरवला
तर हा ज्यात खेळला ते विजय पुसले जाऊ शकतात.
जिंकलेले सामने, न जिंकलेले.
नवा कोच हिशेबी माणूस आहे.
आदेशाची झेरॉक्स घडी करून त्याच्या खिशात,
आणि ताविअस बाकाच्या टोकाला,
अंगात जर्सी, वरून टॉवेल.
टाइमआउटला उठतो, खेळणाऱ्यांना बाटल्या देतो,
परत बसतो.

चौदापैकी सहावा दिवस.
मी पाचव्या रांगेत. माझ्या जागेवरून
त्याचा चेहरा दिसत नव्हता, बूट दिसत होते.
टाचा वर होत्या.

चार मिनिटं राहिली असताना
आपल्यातल्या कोणाचा तरी घोटा मुरगळला.
(आपल्यातल्या. मी असं म्हटलं, खरंच.)
शिट्टी झाली. जिम गप्प झालं.
माझी बोटं मांडीवर, कोटावरच, ती शांतता घेत होती,
जिच्यासाठी मशीनवर कळ नाही.

कोच वळला.
बाकाकडे बघितलं,
सगळ्या बाकाकडे.